चिनी मेंदू आणि आपली मोडी

'चिनी वाचताना मेंदूचा वेगळाच भाग चालतो' हे वाक्य तुम्ही कुठेतरी वाचलं असेलच. २००४ साली 'नेचर'मध्ये सिओक, टॅन आणि सहकाऱ्यांनी वाचनात अडखळणाऱ्या चिनी मुलांचे एफएमआरआय छापले. गडबड दिसली ती डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात. इंग्रजी मुलांत ती मागच्या बाजूला दिसते. पण २०१० मध्ये दोन्हीकडची मुलं एकाच प्रयोगात तपासली, तेव्हा बरंचसं साम्यच निघालं. ती बातमी मात्र कुणी फॉरवर्ड केली नाही. असो.

माझी तक्रार वेगळी आहे. चिनी-इंग्रजी तुलनेत भाषा बदलते, लिपी बदलते, शाळाही बदलते. तीन गोष्टी एकदम बदलून आपण बग शोधायला बसलो तर टीम लीड काय म्हणेल?

भाषा एक आणि लिप्या दोन, असं हवं. ते आपल्याकडे आहे! महाड-पोलादपूरकडच्या जुन्या घरांत माळ्यावरच्या ट्रंकेतून मोडी कागद निघतात. भाषा मराठीच, पण आधी आडवी रेघ ओढायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं लिहीत जायची. शब्दांमध्ये जागा नाही. ऱ्हस्व-दीर्घ एकच, म्हणजे 'दिन' की 'दीन' हे संदर्भावरून ठरवायचं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २००९ मध्ये देवनागरी वाचनाचे एफएमआरआय प्रसिद्ध केले. त्यात उजव्या मेंदूचे भागही कामाला लागलेले दिसले. मग मोडीत काय होत असेल? एकच माणूस, एकच वाक्य, एकदा बाळबोधीत, एकदा मोडीत. बास.

घाई का? लहानपणी शाळेत मोडी गिरवलेली पिढी आता जेमतेम उरलीय. दुसरीकडे २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधताना राज्यभर मोडी वाचकांची शोधाशोध झाली, म्हणजे मोठेपणी शिकलेले, रोज मोडी वाचणारेही आहेत. रोज वाचणाराच घ्यावा, नाहीतर लिपीचा फरक मोजायला जाऊ आणि सरावाचा मोजून येऊ. स्कॅनरसाठी मुंबई-पुणं गाठावं लागेल. नजर कुठे थांबते ते टिपणारा कॅमेरा मात्र महाडात एका टेबलावर मांडता येतो. सुरुवात त्यानेच करावी.

आणि वाक्यं आजची द्यावीत. 'मौजे', 'बिन' असले दस्तातले शब्द या लोकांना पाठ असतात. तो वाचतोय की आठवतोय, हे मशीनला कळायचं नाही.