आंबील आणि आपली प्रतिष्ठा

पाहुण्यांना चपाती आणि घरच्यांना भाकरी, ही आपल्याकडची जुनी रीत. भाकरी म्हणजे गरिबी, असे आपण शिकू लागलेल्यांनी तर ठरवूनच टाकले आहे. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या पुढाकाराने २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले. आता तीच ज्वारी-नाचणी चकचकीत पुडक्यांतून ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणून मानाने परतते आहे!

सीलिअकच्या रुग्णाला गहू जन्मभर वर्ज्य असतो. पण म्हणून त्याला वेगळे ताट कशाला? उन्हाळ्यात नाचणीचे पीठ रात्री भिजवून आंबवावे, सकाळी शिजवून निववावे, ताक, मीठ, जिरे, ठेचलेला लसूण घालावा आणि घरादाराने प्यावे. दूध सोसत नसेल त्याने ताक वगळावे. पिठाचा आंबटपणा असतोच.

मात्र नुसता अभिमान पुरत नाही. गिरणीत गव्हामागोमाग ज्वारी पडली की गव्हाचे पीठ मिसळतेच. बाजारच्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ असते (किती सुगरणींना हे ठाऊक आहे?). पेठेतल्या एका तरी गिरणीने गव्हाची चक्की निराळी ठेवायला काय हरकत आहे?

मार्गशीर्षात रेणुकेला आंबिलीचा नैवेद्य दाखवणारे आपण कोल्हापूरकर. कॉलेजच्या कँटीनमध्ये मात्र आंबील मागायला लाजतो. येत्या चैत्रात तिथे आंबिलीचा एक माठ ठेवावा, अशी माझी विनंती आहे.