पार्टटाइमच्या भरवशावर परदेश? आधी हिशेब मांडा!

परवा चोपड्याच्या एसटी स्टँडवर एका पोराने मला थांबवले. "दादा, लंडनला ॲडमिशन मिळतेय. एजंट म्हणतो, फीपुरतं कर्ज काढा, बाकी सगळं पार्टटाइम करून निघतं. खरंय का?" बाप केळीच्या गाड्या भरतो. राहते घर गहाण टाकायची बोलणी सुरू आहेत. मी तिथेच कागद काढून त्याला हिशेब करून दाखवला. तोच इथे मांडतो, कारण असे पोरगे एकच नाही.

ब्रिटनमध्ये पदवी किंवा एमएच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते. एप्रिल २०२५ पासून तिथले किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होते. वर्षातला एकही आठवडा न चुकवता काम केले तर महिन्याला साधारण १०५८ पौंड होतात. आता दुसरा आकडा बघा. त्याच २०२५ साली व्हिसा देताना ब्रिटिश सरकार विद्यार्थ्याकडे राहण्याखाण्यासाठी दरमहा लंडनमध्ये १४८३ आणि लंडनबाहेर ११३६ पौंड दाखवायला सांगत होते. म्हणजे आजारी न पडता, परीक्षेतही सुट्टी न घेता राबलात, तरी पोट भरत नाही. फी कुठून निघणार? सुट्टीत पूर्णवेळ काम चालते, हे खरे. पण एका वर्षाच्या एमएचा उन्हाळा प्रबंध लिहिण्यात जातो. ॲपवरची डिलिव्हरी करू म्हणाल, तर स्वतंत्र धंदा म्हणून केलेले काम या व्हिसावर चालतच नाही. मग चोरून, रोखीने, कमी पैशांत काम करायचे. मालकाने पैसे बुडवले तर तक्रार करायची सोय नाही, आणि पकडले गेले तर व्हिसा जातो. गहाण घर मात्र इथेच राहते.

यावर काही जण म्हणतात, "बाबासाहेबांनी पण हाल काढले ना?" काढलेच. पण इतिहास नीट वाचा. १९१३ मध्ये बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. म्हणून दिवसरात्र वाचायला त्यांच्याकडे वेळ होता. शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा १९१७ मध्ये त्यांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. सिडनॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेतले, तेव्हा कुठे १९२० ला पुन्हा लंडन गाठले. एवढी मोठी बुद्धी, पण पैसा थांबला तेव्हा अभ्यास थांबला. शिष्यवृत्ती म्हणजे भीक नव्हे. ती अभ्यासाचा वेळ विकत घेते. श्रीमंताच्या पोराला तो वेळ बापाकडून मिळतो, आपल्या पोराला तो सरकारकडूनच मिळायला हवा.

सरकार काय देते? राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा ७५ आणि जिल्हे ३६. जिल्ह्याला दोन पोरे धरा. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी वर्षाला ९९०० पौंड निर्वाह भत्ता हा वर्षानुवर्षे चालत आलेला आकडा. महिन्याला ८२५. लंडनबाहेरच्या ११३६ लाही तो पुरत नाही. वर शिकवण्या-संशोधनाच्या कामातून वर्षाला १५६० पौंडांपेक्षा जास्त कमावले तर भत्त्यातून कपात! २०२५ च्या जुलैत तर १०६ जणांची निवड झाली आणि सुरुवातीला पत्रे फक्त ४० जणांना मिळाली. बाकीच्यांना निधी आला तर बघू, असे सांगितले गेले. कुंभमेळ्याला निधी मिळतो, आमच्या पोरांच्या वेळेलाच तिजोरी कशी रिकामी होते?

पण बोट फक्त सरकारकडे दाखवून आपण सुटत नाही. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आठवा. २३ ऑक्टोबर १९२९. चाळीसगावात महाराला टांग्यातून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. बाबासाहेबांनी पायी जाणे आपल्या लोकांना अपमानाचे वाटले. म्हणून टांगा भाड्याने घेतला आणि कधी टांगा न हाकलेल्या आपल्यातल्याच माणसाला पुढे बसवले. पुलावर बाबासाहेब बाहेर फेकले गेले, पाय मोडला. मान राखायच्या नादात जीव धोक्यात आला, हे त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवले. त्या माणसांच्या प्रेमात खोट नव्हती, तयारीत होती.

आज आपण तेच करतो. पोरगे परदेशी निघाले की फ्लेक्स, हार, फेटा, फोटो. गाडीत बसवून देतो, हाकणारा कोण हे विचारत नाही.

भांडी घासण्यात, हॉटेलात राबण्यात कमीपणा नाही. आपल्या आईबापांनी जिनिंगमध्ये, केळीच्या बागांत हेच केले. माझे भांडण श्रमाशी नाही. ज्या पिढीला राबण्यातून सोडवायला शिक्षण हवे होते, तिलाच शिकण्यासाठी पुन्हा राबायला लावणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

म्हणून चोपड्यातल्या कार्यकर्त्यांनो, यंदा जयंतीच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढा. प्रत्येक विहारात शिष्यवृत्तीच्या अर्जाची तारीख, कागदपत्रे आणि खर्चाचा खरा हिशेब भिंतीवर लावा. जे तिकडे जाऊन आलेत, त्यांना सत्काराला नाही, हिशेब सांगायला बोलवा. जागा वाढवा, भत्ता तिथल्या खर्चाइतका करा आणि वेळेवर द्या, या मागणीसाठी जळगावच्या समाजकल्याण कार्यालयावर धडक द्या.

आणि त्या पोराला मी काय सांगितले? परदेशी जा, जरूर जा. पण घर गहाण टाकून नको. आधी शिष्यवृत्तीचा अर्ज भर. नाही मिळाली तर एक वर्ष थांब. बाबासाहेबही थांबले होते, पण परत गेले होते.

जय भीम! जय संविधान!