शेवटच्या पुस्तकाचे भय

किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या कथामालिकांचे शेवटचे पुस्तक वाचकाची निराशा करते, ही तक्रार आता मराठी वाचकालाही परिचयाची झाली आहे. ‘हॅरी पॉटर’चा सातवा भाग (२००७), ‘हंगर गेम्स’चा तिसरा (२०१०), ‘डायव्हर्जंट’चा तिसरा (२०१३) यांच्याविषयी ती वारंवार केली गेली. तिच्या पाठोपाठ आपल्याकडे एक समाधानही व्यक्त होते. आमच्या कुमारवाङ्मयात असला अपेक्षाभंग नाही. आमचे नायक चिरकुमार आहेत, पिढ्या बदलल्या तरी ते तसेच ताजे राहतात, असे ते समाधान. त्यालाच प्रस्तुत लेखात हरकत घ्यावयाची आहे. ज्या वाङ्मयाने शेवटचे पुस्तक लिहिण्याचे धाडसच क्वचित केले, त्याला शेवट फसल्याचा दोष लागत नाही हे खरे. परंतु न दिलेल्या परीक्षेत आपण नापास झालो नाही, असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याचे कौतुक कोणी करीत नाही.

प्रथम या निराशेचे स्वरूप पाहिले पाहिजे. ‘पॉटर’चा पहिला भाग १९९७ सालचा. जो वाचक दहाव्या-अकराव्या वर्षी त्या मालिकेत शिरला, तो तिच्या शेवटी विशीत पोचला होता. मालिका आणि तिचा वाचक यांच्यात एक अलिखित करार असतो: तू वाढशील तसा मीही वाढेन. म्हणून शेवटच्या पुस्तकाला जो प्रश्न विचारला जातो, तो ‘पुढे काय झाले’ एवढाच नसतो; ‘हे वाढणे कशासाठी होते’ असाही असतो. फ्रँक करमोडने १९६७ मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. आरंभ आणि मध्य यांना आपण शेवटाच्या आधारे अर्थ देतो. तेव्हा फसलेला शेवट हा एका प्रकरणाचा दोष राहत नाही. मागची सर्व पुस्तके त्याच्या छायेत येतात.

कोण मेले आणि कोणाचे कोणाशी लग्न झाले, यावर होणारी चर्चा या प्रश्नाला स्पर्शही करीत नाही. माझे म्हणणे असे की, जो लेखक इतकी वर्षे मुलाच्या शेजारी उभा होता, तो शेवटच्या पुस्तकात पालकांच्या रांगेत जाऊन उभा राहतो; वाचकाला फसल्यासारखे वाटते ते या पक्षांतरामुळे. ‘पॉटर’च्या उपसंहारात एकोणीस वर्षांनंतरचा रेल्वेफलाट आहे. बंडखोर मुले आता आईबाप झाली आहेत, आणि त्याच गाडीतून आपली मुले त्याच शाळेत पाठवीत आहेत. आपण कोणत्या गटात पडू, या जुन्याच भीतीने त्यांचा मुलगा व्याकूळ आहे. ज्या व्यवस्थेने इतका संहार घडू दिला तिचे काय झाले, हे विचारण्याची सोय तेथे नाही. सी. एस. लुईसने नार्नियामालेच्या अखेरच्या पुस्तकात (१९५६) सुझनला नार्नियाबाहेरच ठेवले. तिचा अपराध एवढाच की तिला ओठ रंगवण्यात आणि मेजवान्यांत रस वाटू लागला, म्हणजे ती मोठी होऊ लागली.

मार्क ट्वेनचे उदाहरण याहून बोलके आहे. ‘टॉम सॉयर’ (१८७६) नंतर आलेल्या ‘हकलबेरी फिन’मध्ये हक पळालेल्या गुलामाशी, जिमशी, विश्वासघात करण्यापेक्षा नरकात जाणे पत्करतो आणि शेवटी ‘सुधारलेल्या’ जगातून निघून जाण्याचे ठरवतो. पुढे १८९४ व १८९६ मध्ये ट्वेनने त्याच हकला परत आणले आणि टॉमच्या उचापतींचा निवेदक म्हणून बसवले. एवढ्या मोठ्या नैतिक निर्णयातून गेलेला मुलगा पुन्हा सोबत्याच्या भूमिकेत आला. लेखकानेच आपल्या नायकाचे वय हिरावून घेतले.

तरीही एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ‘हकलबेरी फिन’च्या अखेरच्या प्रकरणांचे ट्रिलिंग आणि एलियट यांनी समर्थन केले, १९५३ मध्ये लिओ मार्क्सने दोघांचाही प्रतिवाद केला. मुलांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका पुस्तकाचा शेवट हा तेथे समीक्षेचा गंभीर प्रश्न झाला. निराशा व्यक्त करणे हासुद्धा आदराचाच एक प्रकार आहे. आपल्याकडे कुमारवाङ्मयाच्या वाट्याला आला तो गहिवर. गहिवराच्या पोटी समीक्षा जन्माला येत नाही.

या गहिवराचे मुख्य आलंबन म्हणजे भा. रा. भागवतांचा (१९१०–२००१) फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकायला येतो आणि वीस पुस्तकांतून धावत राहतो. घराच्या उंबऱ्यात आणि बोधाच्या चौकटीत अडकलेल्या मराठी मुलाला भागवतांनी बाहेरचे जग दाखवले, आणि तेही उपदेशाचा सूर न लावता. हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. साहसकथेच्या घाटात नायकाचे वय गोठवणे हा लेखकाचा अधिकारही आहे. दोष आहे तो समीक्षेचा. एका घाटाची मर्यादा तिने सबंध वाङ्मयप्रकाराचा सद्गुण ठरवली. मालिका थांबणे आणि मालिका संपणे यांतला भेदच तिने पुसून टाकला. बनेशची मालिका थांबली; ती संपली नाही. तिचा वाचक मात्र मोठा झाला, आणि त्याला हाताशी धरून पुढे नेणारे पुस्तक त्याच्या कपाटात नव्हते.

परंपरा नव्हती असे म्हणून येथे सुटका करून घेता येणार नाही. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ (१९३५) घराघरांत आहे. आईच्या मृत्यूपाशी येऊन ती थांबते. श्याम मात्र थांबत नाही. ‘श्याम’, ‘धडपडणारा श्याम’, ‘श्यामचा जीवनविकास’ ही त्याच्या विद्यार्थिदशेची पुस्तके आहेत. दारिद्र्य, परक्या गावचे एकटेपण, मैत्रीची ओढ, स्वतःविषयीचा संशय, म्हणजे किशोरवयाचा खरा ऐवज त्यांत आहे. ती पहिल्या पुस्तकाच्या उंचीची नसतील. तशी का नाहीत, हीच तर समीक्षेने करावयाची चर्चा होती. आपण त्यांना वाईट ठरवण्याचेही कष्ट घेतले नाहीत, नुसते विसरलो. १९५३ मध्ये अत्र्यांनी चित्रपट केला तो ‘श्यामची आई’वर, आणि २०२३ मध्ये पुन्हा चित्रपट आला तोही तिच्यावरच. मराठी मनाला आईच्या कुशीतला श्याम हवा आहे. धडपडणारा नको आहे.

समीक्षेने टाळलेला प्रश्न मग बाजाराने आपल्या परीने सोडवला. २०१७ च्या चित्रपटात बनेश मोठा होऊन वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो. एका अर्थी ते बनेशचे शेवटचे पुस्तक आहे, दुसऱ्यांनी लिहिलेले. महाराष्ट्रात मोठे होण्याची वाट परीक्षागृहातून जाते हे पटकथाकाराने अचूक ओळखले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु तेथेही टोळीचा म्होरक्या हरला की प्रश्न मिटतो. ज्या स्पर्धेमुळे अशा टोळ्या पोसल्या जातात, ती मान्य करूनच नायक पुढे निघतो.

मग खरा शेवट कसा असतो? यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यातल्या जांब या गावी १६०८ मध्ये जन्मलेल्या नारायणाची, म्हणजे समर्थ रामदासांची, परंपरेने सांगितलेली कथा घ्या. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द ऐकून बारा वर्षांचा मुलगा पळतो. टाकळीची बारा वर्षे आणि तीर्थाटनाची बारा वर्षे संपल्यावर तो भिक्षेकरी म्हणून स्वतःच्याच दारात उभा राहतो, आणि रडून दृष्टी गेलेली आई त्याला आवाजावरून ओळखते. इतिहासाच्या कसोटीवर ही कथा किती टिकते, हा प्रश्न वेगळा. कथनाच्या दृष्टीने तिने अवघड गोष्ट साधली आहे. नायक परततो, परंतु बालपणात परतत नाही. घर तेच असते. त्याच्याशी असलेले नाते बदललेले असते. त्याच्या पळण्याचा पश्चात्ताप कथा त्याला करायला लावीत नाही आणि आईच्या दुःखाची किंमतही लपवीत नाही. मुलाची आणि पालकांची अशा दोन्ही बाजू एकाच दारात समोरासमोर आणणारा शेवट आपल्या लोकस्मृतीला जमला. तो आपल्या कुमारवाङ्मयाला जमू नये याचे आश्चर्य वाटते.

त्या कथेतही एक रिकामी जागा आहे. बोहल्यावर मागे राहिलेल्या वधूचे पुढे काय झाले, हे तिला फारसे महत्त्वाचे वाटत नाही. आज त्याच घनसावंगीत, मंठ्यात, अंबडमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या मुली आहेत. ऊसतोडणीच्या हंगामात आईबापांनी गाव सोडले की ज्यांच्या शाळेचे आणि लग्नाचे निर्णय घाईने होतात, अशाही मुली त्यांत आहेत. लग्न हा त्यांच्यासाठी उपसंहारातला गोड प्रसंग नाही. चालू पुस्तक मध्येच मिटण्याचा तो धोका आहे. त्यांचे शेवटचे प्रकरण दुसरेच कोणीतरी लिहीत असते. अशा वाचकापुढे चिरकुमार नायकाची थोरवी गाणे ही निरागसता म्हणता येणार नाही, ती जबाबदारीची टाळाटाळ आहे. सुझनला दाराबाहेर ठेवणारा लुईस आणि मुलगी मोठी होते हे कथेत येऊच न देणारे आपण, यांत मला फारसा फरक दिसत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. मराठीत किशोरांसाठी अशा मालिका लिहिल्या जाव्यात, ज्यांतील मुले वाढतात. आणि त्या संपवल्या जाव्यात. त्यांतील काही शेवट फसतील, वाचक रागावतील, समीक्षकांना पुराव्यानिशी भांडावे लागेल. ते भांडण होऊ द्यावे. अपेक्षा ठेवल्याशिवाय अपेक्षाभंग होत नाही, आणि आपल्या किशोर वाचकाने आपल्याकडून काही अपेक्षा ठेवावी इतकेही आपण आजवर त्याला दिलेले नाही.