शेवाळाची ओळख नुसत्या डोळ्यांनी पटत नाही

नागपूरच्या सक्करदऱ्यासारख्या शहरी तलावात सांडपाण्याबरोबर फॉस्फरस उतरला की पाण्यावर हिरवा तवंग धरतो. त्यात पुष्कळदा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित शेवाळ असते. ते नेमके कोणते, हे ठरवताना एक जुना पक्ष अजून ठाम आहे. टी. व्ही. देसिकाचारींचा १९५९चा 'सायनोफायटा' हा ग्रंथ आणि चांगला सूक्ष्मदर्शक असला की पुरे. जनुकांच्या नादी लागून खर्च वाढतो आणि नावे मात्र सारखी बदलतात, असे तो म्हणतो.

त्या ग्रंथाचे ऋण कोणीच नाकारत नाही. पण नॉस्टॉक या नील-हरित शेवाळाचा नमुना काचपट्टीवर घेऊन पाहा. गोल पेशींची मण्यांसारखी माळ, मध्येच जाड भिंतीची फिकट हेटरोसिस्ट पेशी, भोवती बुळबुळीत आवरण. अ‍ॅलिनॉस्टॉक हा वेगळा वंशही बराचसा असाच दिसतो. त्यातच प्रकाश किंवा पोषण बदलले की एकाच शेवाळाचे रंगरूप पालटते. केवळ अशा खुणांवर भरवसा ठेवायचा कसा?

नावे बदलतात, हा आक्षेपही टिकत नाही. २०१७ मध्ये नॉस्टॉक थर्मोटॉलरन्स म्हणून नोंदलेले शेवाळ २०१९ मध्ये देसिकाचार्या या नव्या वंशात गेले. पुरावा मिळाल्यावर नाव सुधारणे हा शास्त्राचा धर्मच आहे. ज्यांच्या ग्रंथाचा आधार घेऊन जनुकांना नकार दिला जातो, त्या देसिकाचारींचेच नाव जनुकांच्या पुराव्यावर उभ्या राहिलेल्या वंशाला मिळाले आहे.

दुसऱ्या टोकाचा पक्ष म्हणतो, १६एस आरआरएनए जनुकाचा क्रम वाचा, साम्य ९८.७ टक्क्यांच्या खाली गेले की जाती वेगळी. हेही अर्धवटच. हे जनुक फार सावकाश बदलते, म्हणून अलीकडे फुटलेल्या जाती त्यात एकसारख्या दिसतात. तिथे १६एस आणि २३एस या जनुकांमधला पट्टा उपयोगी पडतो. त्यापासून बनणारा आरएनए स्वतःवरच दुमडतो आणि डी१-डी१′, बॉक्स-बी, व्ही३ अशा दांड्या व फास तयार होतात. दांडी किती लांब, फास केवढा, फुगवटा कुठे, हे बारकावे जवळच्या जातीही वेगळ्या काढतात. मात्र एकाच पेशीत या पट्ट्याच्या वेगवेगळ्या प्रती असू शकतात. एकीत टीआरएनएची जनुके असतात, दुसरीत नसतात. विजोड प्रती ताडून पाहिल्या तर एकच शेवाळ दोन जातींचे भासेल.

म्हणून रूप, अधिवास, जनुकक्रम आणि आरएनएची दुमड यांची साक्ष एकत्र तपासणारी बहुअंगी पद्धतच ग्राह्य धरावी. हा वाद केवळ नावांचा नाही. मायक्रोसिस्टिस या नील-हरित शेवाळाचे विषारी आणि निर्विष वाण भिंगाखाली सारखे दिसतात, १६एसमध्येही जवळजवळ सारखेच. तिथे विष बनवणारी एमसीवाय जनुकेच शोधावी लागतात.

नागपुरात १९५८ पासून 'नीरी' ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, विद्यापीठ आहे. त्यांनी आणि महापालिकेने मिळून सक्करदऱ्यासह शहरातल्या तलावांतले शेवाळ असे तपासावे, त्याचे वाण जतन करावेत आणि जनुकक्रम सर्वांसाठी खुले ठेवावेत. पाण्यात काय वाढते आहे हे नेमके कळल्याशिवाय तलाव वाचवण्याची कोणतीही योजना अंदाजपंचेच राहील.