दोन सेकंदांचे भांडण
बॉक्सिंगचे बारा राउंड, प्रत्येकी तीन मिनिटांचे. या छत्तीस मिनिटांतले शेवटचे दोन सेकंद आमच्या एका स्नेह्यांना अजून पचलेले नाहीत. लास व्हेगास, १७ मार्च १९९०. मेल्ड्रिक टेलर तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर चांगलाच पुढे होता. शेवटच्या राउंडमध्ये चावेझच्या ठोशाने तो कोसळला, पण दहा मोजायच्या आत उठला. रेफरी रिचर्ड स्टीलने विचारले, बरा आहेस ना? उत्तर मिळाले नाही, असे स्टीलचे म्हणणे. त्याने लढत थांबवली, चावेझ जिंकला. घड्याळात दोन सेकंद शिल्लक!

“अहो, चावेझ कोपऱ्यातून येईपर्यंत घंटा झाली असती!” इति स्नेही. (हेच गृहस्थ “दोन मिनिटांत आलो” म्हणून तासाभराने उगवतात.) बरं, झाली असती. पण म्हणून रेफरीने बघायचे काय? समोरच्या माणसाचे डोळे, की दहा सेकंद उरल्याचे सांगणारा कोपऱ्यातला लाल दिवा? माणूस शुद्धीवर आहे की नाही, हे दिव्याला कसे कळणार? टेलरला त्या रात्री इस्पितळात न्यावे लागले, डोळ्याजवळचे हाड मोडले होते. हे सांगितले, की स्नेही म्हणतात, “ते ठीक आहे हो, पण दोनच सेकंद!”