मावशींचा हिशोब आणि आपले मानधन

सोलापुरात विड्या वळणाऱ्या एका मावशींच्या घरी मी गेल्या महिन्यात गेले होते. त्यांची मुलगी बीए झाली आहे. कापडाच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, महिना ९,००० रुपये मिळवते. तिला दुसऱ्या शहरात राहून स्त्री अभ्यासात एमए करायचे आहे. हे नाव तिने आमच्याच शिबिरात ऐकले. मावशींची समजूत घालायची असे ठरवून मी गेले खरी, पण झाले उलटेच.

हजार विड्यांमागे मजुरी किती आणि त्यातल्या बाद किती होणार, हे रोज तोंडी मांडणाऱ्या बाईला कागद लागत नाही. "ताई, दोन वर्षं दुकान सुटणार, म्हणजे २,१६,००० गेले. घरी खाते ते सोडून होस्टेलचे जादा महिना ५,००० धरा. वीस महिन्यांचे एक लाख. फी आणि पुस्तकं ४४,०००. झाले ३,६०,०००. मग तुमच्यासारख्या संस्थेत लागली तर काय मिळतं?" मी म्हटले, सुरुवातीला १४,००० मानधन. "बाराही महिने?" नाही, करार अकरा महिन्यांचा असतो. त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "म्हणजे दुकानापेक्षा वर्षाला ४६,००० जास्त. घातलेले पैसे निघायलाच आठ वर्षं. तेवढी वर्षं तुमचा प्रोजेक्ट चालतो?"

आमचे प्रकल्प तीन वर्षांचे असतात. मी गप्प बसले.

मैत्रिणींनो, अशा वेळी आपण पटकन म्हणतो की आईबापांना शिक्षणाचे मोल कळत नाही. मला वाटते, मावशींना ते नेमके कळले आहे. न कळणारे आपण आहोत. बाईचा मार, तिची मजुरी, तिचे बाळंतपण, तिच्या नावावर नसलेली जमीन हे सारे एका विषयात मावत नाही, हे तर आपल्याच चळवळीने विद्यापीठांना सांगितले. १९७४ साली स्त्रियांच्या स्थितीवरचा 'समानतेकडे' हा अहवाल आला. त्याच वर्षी एसएनडीटीत नीरा देसाईंनी संशोधन केंद्राचे काम सुरू केले. १९८१ मध्ये मुंबईत स्त्री अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. पुणे विद्यापीठाचे केंद्र १९८७चे. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, आरोग्य एकत्र गुंफणारी ही आंतरविद्याशाखीय पदवी आपणच मागून घेतली आहे.

आणि तीच पदवी घेऊन एक मुलगी आमच्या दारात आली तेव्हा मी काय केले? दोन वर्षांपूर्वी आम्हाला समुपदेशक हवी होती. आलेल्या अर्जांत सर्वांत जाणता अर्ज स्त्री अभ्यासाच्या एमएचा होता. निधी देणाऱ्यांच्या तक्त्यात पात्रता 'एमएसडब्ल्यू' अशी होती. मी तो अर्ज बाजूला ठेवला. माझी स्वतःची पदवीही एमएसडब्ल्यूच. त्या तीन अक्षरांनी मला अनेक दारे उघडून दिली, आणि माझा अभ्यास तिच्याहून खोल होता असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

सरकारकडे बोट दाखवता येते, दाखवायलाही हवे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांच्या मुलींना शिक्षण शुल्क पूर्ण माफ केले, पण ते व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी. या एमएला त्याचा उपयोग नाही. तरी मावशींचा हिशोब पुन्हा पाहा. त्यात फी हा सर्वांत लहान आकडा आहे. सर्वांत मोठा आकडा बुडालेल्या पगाराचा, आणि तो कोणत्याच शासन निर्णयात नसतो. (२०२०च्या शैक्षणिक धोरणाने आंतरविद्याशाखीय शिक्षणाचा मोठा गजर केला, आणि पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची सोयही ठेवली. एका घरात मुलगा आणि मुलगी शिकत असतील तर त्या सोयीचा लाभ कोणाला होईल, हे तुम्हाला सांगायला नको.)

पैशांत न मोजता येणारे काही या शिक्षणात मिळते, यावर माझा विश्वास आहे. पण ते वाक्य मावशींपुढे माझ्या तोंडून निघेना. वर्षाचे बाराही महिने पगार घेणाऱ्या बाईने ते बोलणे सोपे आहे.

म्हणून मी निदान माझ्या हातातले करायचे ठरवले आहे. आमच्या पुढच्या जाहिरातीत पात्रतेच्या रकान्यात स्त्री अभ्यास आणि इतर आंतरविद्याशाखीय पदव्या नावानिशी लिहिल्या जातील. रक्कम छापली जाईल, 'योग्य मानधन' असे लिहिले जाणार नाही. बारावा महिनाही मागायचा आहे. कार्यकारिणीत यावर भांडण होणार, कारण पैसे तेवढेच आहेत. बारा महिने द्यायचे तर कदाचित एक जागा कमी करावी लागेल. त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. तुमच्या संघटनेत हे कसे सोडवले असेल तर कळवा.

मुलीने अर्ज भरला आहे. मावशी म्हणाल्या, "आधी तुमच्या मीटिंगमध्ये काय ठरतं ते सांगा, मग फीचं बघू."