'निरंक' म्हणजे नेमके काय?

कुंभकोणमच्या अगदी जवळ मरुदानल्लूर नावाचे गाव आहे. तेथील सद्गुरु स्वामींच्या मठात भजन ऐकण्याचा योग मला नुकताच आला. हे स्वामी तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांचे समकालीन. दक्षिणेतील नामसंकीर्तनाला त्यांनी निश्चित क्रम घालून दिला. आधी मंगल, मग गुरुवंदन, जयदेवाच्या अष्टपदी, मग निरनिराळ्या भाषांतील संतांची पदे. या परंपरेत आपले अभंगही गायिले जातात. मराठीचा गंध नसलेली मंडळी अभंग नेमक्या जागी म्हणतात, तेव्हा महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना भरून येणे साहजिक आहे. माझ्या मनात मात्र, सवयीने, वेगळाच विचार आला. भाषा न कळणाऱ्या माणसाकडूनही काम बिनचूक व्हावे अशी कार्यपद्धती लिहिणे किती कठीण असते!

हा विचार यायला कारणही होते. सोबत माझा भाचा होता. तो बंगळूरला संगणकक्षेत्रात आहे. जीवनसत्त्वे, प्रथिनांची पावडर, अश्वगंधेच्या गोळ्या अशा आहारपूरक पदार्थांची माहिती शोधून देणारे एक साधन त्याचा गट तयार करीत आहे. ते वापरणार माणसे नव्हेत, तर 'एआय एजंट', म्हणजे माणसाच्या वतीने प्रश्न घेऊन स्वतःच माहिती शोधणारे प्रोग्राम. एजंट आणि साधन यांना जोडणाऱ्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'सारख्या पद्धती 2024 पासून रूढ होऊ लागल्या. त्यांत साधनाचे नाव, त्याला काय विचारायचे आणि ते काय करते याचे लेखी वर्णन असते. एजंट ते वर्णन वाचूनच साधन केव्हा आणि कसे वापरायचे हे ठरवतो. "मामा, तुम्ही जन्मभर परिपत्रके लिहिलीत, एवढा मसुदा बघून द्या," असे म्हणून भाच्याने कागद माझ्या हाती दिले.

मसुदा नीटनेटका होता. पण त्यात एक वाक्य होते: माहिती नसल्यास रिकामी यादी परत येईल. तिथे मी थबकलो.

एका जिल्ह्यात काम करताना पावसाळ्यात दर आठवड्याला गॅस्ट्रोच्या रुग्णांचा तक्ता माझ्याकडे येई. एका तालुक्यापुढे सलग तीन आठवडे 'निरंक' लिहिलेले होते. मी समाधानाने सह्या केल्या. चौथ्या आठवड्यात तिथल्या एका गावात साथ असल्याचे कळले, तेव्हा उलगडा झाला. अहवाल गोळा करणारा कर्मचारी रजेवर होता. कोणीच काही विचारले नव्हते, म्हणून सांगण्यासारखे काही नव्हते, म्हणून निरंक. 'रुग्ण नाहीत' आणि 'आम्ही पाहिले नाही' या दोन गोष्टी त्या एका शब्दाने एकत्र केल्या होत्या.

आता हेच आहारपूरकांना लावून पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या एका विभागाने अशा उत्पादनांच्या दोन लाखांहून अधिक लेबलांचा संग्रह केला आहे. उपक्रम स्तुत्य आहे, पण त्यात लेबलावर जे छापले तेच येते. 1994 च्या कायद्यानुसार तिथे अशी उत्पादने बाजारात येण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागत नाही. वॉरफरिन घेणाऱ्या एखाद्या आजोबांनी मल्टिव्हिटॅमिनबद्दल विचारले, आणि लेबलावर औषधांशी होणाऱ्या परिणामांचा उल्लेखच नसल्याने साधनाने रिकामी यादी दिली, तर एजंट आजोबांना काय सांगेल? "धोका आढळला नाही." गोळीतील के जीवनसत्त्व त्या औषधाचा परिणाम कमी करते, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात नव्हती.

भाच्याचे म्हणणे असे की मॉडेल हुशार असतात, त्यांना संदर्भ कळतो. मला हे पटत नाही. मंद कारकून रकाना कोरा सोडतो; हुशार कारकून तो आपल्या अंदाजाने भरतो. शिवाय मठातल्या नव्या गायकाला अडल्यास शेजारच्या वडीलधाऱ्याकडे पाहता येते. एजंटाच्या शेजारी कोणी बसलेले नसते.

आणखी दोन गोष्टी मी मसुद्यात भरायला लावल्या. पहिली एककाची. ड जीवनसत्त्वाचा एक मायक्रोग्रॅम म्हणजे 40 आंतरराष्ट्रीय एकके. आपल्याकडे डॉक्टर आठवड्याला एक म्हणून देतात ती 60,000 एककांची मात्रा म्हणजे 1,500 मायक्रोग्रॅम. नुसता आकडा दिला आणि एकक गाळले, तर चाळीस पटींची चूक होऊ शकते. दुसरी देशाची. अश्वगंधा भारतात घरोघरी असते, पण डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदी घातली. पुण्याहून डब्यात पाठवलेली गोळी कोपनहेगनच्या लेकीने घ्यावी का, याचे उत्तर देश न विचारता देता येणार नाही. आपल्याकडे 2018 पासून लागू असलेल्या नियमांनुसार अशा पदार्थांवर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापावे लागते. ती सूचनाही उत्तरातून गळता कामा नये.

या बाबतीत सरफोजी राजांचा धन्वंतरी महाल आठवतो. तिथे निरनिराळ्या वैद्यकपद्धतींचे उपचार रुग्णांवर पारखून नोंदवले गेले आणि गुणकारी ठरलेले योग पुढे तमिळ पद्यात बांधले गेले. वैद्याला ते पाठ करता यावेत, म्हणून पद्य. वापरणारा कोण, हे ओळखून केलेले दस्तऐवजीकरण ते हेच. अमुक योग कोणी करून पाहिला आणि अमुक केवळ बरणीवर लिहिला आहे, हा भेद मात्र आपल्या साधनात प्रत्येक रकान्यासमोर लिहिणे भाग आहे.

तंजावरला परतताना गाडीत मी मसुद्यातले ते वाक्य खोडून पेन्सिलीने लिहिले: "रिकाम्या यादीचा अर्थ धोका नाही असा घेऊ नये. उत्पादन सापडले नाही, ही बाब आमच्याकडे नोंदवलीच जात नाही, किंवा शोधूनही काही आढळले नाही, यांपैकी नेमके काय घडले ते स्वतंत्र शब्दांत कळवले जाईल. एजंटाने ते वापरणाऱ्याला तसेच सांगावे." वाक्ये फार लांबली, एजंटाला वाचायला दिलेल्या प्रत्येक शब्दाचा खर्च असतो, अशी भाच्याची तक्रार आहे. मी ती ऐकून घेतली आणि पेन्सिल खिशात ठेवली.